धंद्यातून तुम्हाला नक्की काय हवंय? त्यावरून मालकीचा प्रकार कसा निवडायचा

माझ्या टेबलासमोर येऊन बसणारा नवा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : "प्रोप्रायटरशिप करू की प्रायव्हेट लिमिटेड?" सांगलीत गेली २२ वर्षं मी लहान व्यावसायिकांचे हिशोब आणि विवरणपत्रं बघतोय. सुरुवातीला मी या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचो : कर किती बसेल, ऑडिट लागेल का, कागद कोणते लागतील. आता मी उलट विचारतो, "रविवारी दुकान उघडं ठेवणार का?" एक जण म्हणतो, रविवार मुलीबरोबर घालवता यावा म्हणूनच तर नोकरी सोडतोय. दुसरा म्हणतो, गिऱ्हाईक तर रविवारीच जास्त. तिसरा शेजारी बसलेल्या भावाकडे बघतो. हे तिघं एकाच तऱ्हेच्या मालकीत सुखी राहणार नाहीत.

धंदा बरा चाललाय, पण मालक आतून खचलाय, अशी माणसं मी खूप पाहिली. त्यांचं गणित चुकलेलं नसतं. त्यांना हवं असतं एक आणि मालकीचा जो प्रकार त्यांनी घेतलेला असतो, त्यातून मिळणार असतं दुसरंच. म्हणून कागदपत्रांच्या आधीच्या पायऱ्यांवर मी इथे जास्त जागा खर्च करतोय.

पायरी १ : एक साधा मंगळवार लिहून काढा

"धंदा का करायचाय?" असं थेट विचारलं की माणूस चारचौघांत शोभेल असं उत्तर देतो. स्वतःच्या पायावर उभं राहायचंय, चार हातांना काम द्यायचंय. ही उत्तरं खोटी नसतात, पण त्यांवरून निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी वहीचं एक पान घ्या आणि पाच वर्षांनंतरचा एक मंगळवार लिहा. उद्घाटनाचा किंवा दिवाळीच्या गर्दीचा दिवस नको, अगदी साधा मंगळवार. किती वाजता उठलात? दुकानाची किल्ली कोणाकडे होती? दिवसभरात स्वतःच्या हातांनी काय केलंत? एखादा निर्णय घेताना कोणाला विचारावं लागलं? घरी किती वाजता आलात? त्या महिन्यात घरखर्चाला किती रुपये आले?

दुसऱ्या पानावर गेल्या सहा महिन्यांत नोकरीत मनाला लागलेल्या तीन गोष्टी लिहा. "कंटाळा आलाय" असं नको, नेमकं काय घडलं ते. रजेचा अर्ज तीनदा परत आला असेल, तर तुम्हाला स्वतःच्या वेळेचा हक्क हवाय. तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर खपलं असेल, तर तुम्हाला कामावर स्वतःचं नाव हवंय. सगळं करूनही पगार तेवढाच राहिला असेल, तर प्रश्न मिळकतीचा आहे. तिघंही बाहेर सांगताना "नोकरीला वैतागलो" एवढंच सांगतात. त्यांचे रस्ते मात्र तीन आहेत.

नवऱ्याला किंवा बायकोला त्यांचा मंगळवार वेगळा लिहायला सांगा, तुमचा न दाखवता. दोन पानं जुळली नाहीत तर त्यावर घरी आत्ताच बोला. कर्जाचा पहिला हप्ता थकल्यावर हेच बोलणं फार कडू होतं.

पायरी २ : वरची एकच प्रेरणा ठरवा

मला वारंवार भेटणाऱ्या प्रेरणा साधारण पाच आहेत : मोकळीक, हुन्नर, वाढती मिळकत, स्थैर्य आणि आपल्या माणसांबरोबर उभं राहणं. प्रत्येकात थोडं थोडं सगळंच असतं. पण दोन गोष्टी समोरासमोर आल्यावर कोणती सोडाल, हे माहीत हवं. त्यासाठी स्वतःला अवघड सौदे घालून बघा. महिन्याला १५,००० रुपये कमी मिळाले तरी संध्याकाळ स्वतःची, चालेल? धंदा तिप्पट होईल, पण पदार्थ स्वतः करायचा सोडून द्यावा लागेल, चालेल? पक्कं उत्पन्न मिळेल, पण दुकानाच्या भिंतीचा रंगसुद्धा दुसराच ठरवेल, चालेल? उत्तर देताना जिथे पोटात कालवलं, ती तुमची खरी प्रेरणा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, पण त्यांचा जीव यंत्रात होता. दुकानातून कारखान्याकडे, लोखंडी नांगराकडे आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीकडे ते वळले ते या ओढीपायी. काम मोठं झालं तसा मालकीचा प्रकारही बदलला आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. प्रेरणा आधी आली, तिला पेलेल असा सांगाडा मागून आला.

पायरी ३ : प्रेरणेला मालकीचा प्रकार जोडा

*मोकळीक हवी असेल तर*

एकल मालकी, म्हणजेच प्रोप्रायटरशिप, घ्या. यासाठी वेगळी संस्था नोंदवावी लागत नाही, तुमचाच पॅन चालतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. दुकान किंवा ऑफिस असेल तर शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो तो, करून घ्या. महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी साधारणपणे मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीच्या पुढे लागते. माल परराज्यात विकणार असाल तर मात्र ती आधीच घ्यावी लागते. आयकरात लहान धंद्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरण्याची सोय आहे : रोखीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. ही सोय २ कोटींच्या उलाढालीपर्यंत मिळते आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. ती एकट्या मालकाला आणि साध्या भागीदारीला मिळते, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) आणि कंपनीला नाही. "एलएलपी भारदस्त वाटते" म्हणून ती काढणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

पण मोकळीक मालकीच्या कागदातून मिळत नाही, कामाच्या जातीतून मिळते. किराणा, चहा, मेडिकल, दूध हे गल्ल्यावर बसायचे धंदे. तिथे एकटा मालक नोकरदारापेक्षा जास्त बांधलेला असतो. वेळ हवा असेल तर ठरवून भेटीने चालणारं काम बघा : एसी दुरुस्ती, शिकवणी, ऑर्डरचे केक, फर्निचरचं काम, हिशोबाचं काम. आणि पैशांसाठी भागीदार घेऊ नका, कर्ज घ्या. मुद्रा योजनेत तारणाशिवाय शिशू गटात ५०,००० पर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. कर्ज एक दिवस फिटतं. भागीदार घेतला की प्रत्येक निर्णय दोघांचा होतो.

एकल मालकीतला धोका एकच, पण मोठा. धंद्याचं देणं आणि तुमचं देणं यांत भिंत नसते. धंदा बुडाला तर येणेकरी घराच्या दारापर्यंत येऊ शकतात. उधारीवर मोठा माल उचलायचा धंदा असेल तर हे विसरू नका.

*हुन्नर हीच प्रेरणा असेल तर*

सुतार, शिंपी, बेकरीवाला, मसाले करणारी गृहिणी, फॅब्रिकेटर. यांना काम करण्यात आनंद असतो, विकण्यात नाही. अशा माणसाने फ्रँचायझी, म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडची शाखा, घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे कृती ठरलेली, माल ठरलेला, चवसुद्धा ठरलेली. हाताला सुचेल ते करायला वाव राहत नाही.

या माणसांसाठी दोन वाटा आहेत. एक, लहान राहण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेणं आणि भाव वाढवणं. दुसरी, विकण्यात रस असलेला भागीदार शोधणं. खरी भागीदारी इथेच शोभते, जिथे एकाला जे आवडत नाही ते दुसऱ्याला मनापासून आवडतं. दोन मित्र आहेत आणि दोघांकडे थोडे थोडे पैसे आहेत, हे भागीदारीचं कारण नव्हे.

आता थोडं थांबून भागीदारीबद्दल, कारण सगळ्यात जास्त अश्रू मी याच फायलींवर पाहिले आहेत. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. तुम्ही करारात जे लिहिलं नाही, ते हा कायदा स्वतःच्या पद्धतीने भरून काढतो. हिस्सा लिहिला नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, भांडवल कोणी किती घातलं हे न बघता. पगार लिहिला नसेल तर दिवसरात्र राबणाऱ्या भागीदाराला पगार मागता येत नाही. वेगळं काही ठरलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. मुदत ठरलेली नसेल तर कोणताही भागीदार लेखी नोटीस देऊन फर्म मोडू शकतो. आणि फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे केलेली नसेल, तर थकलेल्या वसुलीसाठी फर्मला दावा लावता येत नाही. शिवाय फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे बांधील असतो. जोडीदाराने तुम्हाला न सांगता फर्मच्या नावावर धंद्याचा माल उधार उचलला, तरी येणेकरी सगळी रक्कम तुमच्याकडे मागू शकतो.

माझ्याकडे एक फर्म होती. दोन मावसभाऊ, एक बेकरीत भट्टीवर, दुसरा गावोगाव ऑर्डर आणायचा. भागीदारीनामा दोन पानांचा, इंटरनेटवरून उतरवलेला. भट्टीवरच्याच्या कमरेला दुखणं लागलं आणि आठ महिने तो कामावर येऊ शकला नाही. आजारी भागीदाराला किती उचल द्यायची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोघंही भले होते, पण बोलणं बंद झालं ते आजतागायत. तेव्हापासून कराराचा मसुदा करताना मी पाच प्रश्नांची उत्तरं लेखी घेतल्याशिवाय पुढे जात नाही : दर महिन्याला उचल किती? एकाला काम करता आलं नाही तर काय? नवं कर्ज कोणाच्या सहीने? एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या हिश्शाची किंमत कोण आणि कशी ठरवणार? मृत्यूनंतर वारसाला हिस्सा मिळणार की पैसे? हे प्रश्न विचारताना ज्याला संकोच वाटतो, त्याने त्या माणसाबरोबर भागीदारी करू नये.

देण्यापासून संरक्षण हवं आणि भागीदारीचा लवचीकपणाही हवा, तर २००८ च्या कायद्याची एलएलपी आहे. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिट सक्तीचं नाही. वार्षिक फॉर्म मात्र धंदा शून्य असला तरी भरावे लागतात आणि विसरलात तर दंड चढत राहतो.

*मिळकत वाढवत न्यायची असेल तर*

इथे प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा विचार रास्त आहे. किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एकट्याने करायची असेल तर एक व्यक्ती कंपनी निघते, तिला नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) द्यावी लागते. उलाढाल कितीही कमी असो, ऑडिट दरवर्षी. बाहेरचं भांडवल हिश्शाच्या बदल्यात घ्यायचं, चांगल्या माणसाला शेअर देऊन टिकवायचं, पुढे धंदा विकायचा, हे सगळं कंपनीत सोपं जातं.

पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मी कंपनीचा कागद पुढे सरकवत नाही. पहिली : मर्यादित जबाबदारी म्हणजे घर सुरक्षित, हा समज अर्धा खरा आहे. लहान कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांचा वैयक्तिक जामीन घेते. त्या सहीनंतर त्या कर्जापुरती भिंत उरत नाही. दुसरी : गुंतवणूकदार आला की तुम्ही मालक राहता, पण मोकळे राहत नाही. पायरी २ मध्ये ज्याने "मला कोणी विचारायला नको" असं लिहिलंय, त्याने गुंतवणूकदार घेणं म्हणजे सुटलेली नोकरी नव्याने धरणं.

*स्थैर्य हवं असेल तर*

निवृत्तीच्या पैशांतून काही करू पाहणारे आणि घरात एकच कमावणारा असलेले लोक शून्यातून धंदा उभारायला बसतात, तेव्हा मला काळजी वाटते. त्यांच्यासाठी फ्रँचायझी किंवा चालू धंदा विकत घेणं जास्त योग्य ठरू शकतं.

फ्रँचायझीसाठी भारतात वेगळा कायदा नाही, सगळं करारावर चालतं. त्यामुळे करार वकिलाकडून वाचून घ्या आणि त्यात या गोष्टी शोधा : तुमच्या भागात दुसरी शाखा किती अंतरावर निघू शकते, कच्चा माल त्यांच्याकडूनच आणि कोणत्या भावाने, मुदत संपल्यावर पुन्हा शुल्क किती, आणि सोडून गेल्यावर तसाच धंदा करायला मनाई आहे का. रॉयल्टी, म्हणजे ब्रँडच्या कंपनीला द्यायचा वाटा, बहुधा विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे. महिन्याची विक्री ४ लाख आणि रॉयल्टी ६ टक्के असेल, तर २४,००० रुपये द्यावे लागतात, त्या महिन्यात तोटा झाला असला तरी. कंपनीने दाखवलेल्या तक्त्यावर विसंबू नका. तिच्या तीन जुन्या शाखांत प्रत्येकी एक शनिवार आणि एक मंगळवार बसून बिलं मोजा.

चालू धंदा घेताना विकणारा का विकतोय, हा पहिला प्रश्न. तीन वर्षांची जीएसटी विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे मागा. "खरी विक्री यापेक्षा जास्त आहे, कागदावर कमी दाखवलीय" असं कोणी म्हणालं, तर कागदावरच्या विक्रीचीच किंमत द्या. धंदा हस्तांतरित होतो तेव्हा त्याआधीच्या जीएसटी थकबाकीला विकत घेणाराही जबाबदार धरला जातो, हे मनात ठेवा. आणि जागा भाड्याची असेल तर घरमालकाला भेटल्याशिवाय बयाणा देऊ नका.

*आपल्या माणसांबरोबर उभं राहायचं असेल तर*

ही प्रेरणा महाराष्ट्राला नवी नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथली प्रत्येक सभासद बहीण मालकीण असते. मुंबईचे डबेवालेही टोळीने काम करतात आणि मिळकत वाटून घेतात. शेतकऱ्यांसाठी आज उत्पादक कंपनी आहे. दहा उत्पादक एकत्र आले की ती नोंदवता येते आणि शेअर कमी असोत वा जास्त, सभासदाला मत एकच. नाशिक जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सने या वाटेने किती दूर जाता येतं, ते दाखवलं आहे. जमलं तर एकदा तिथे जाऊन बघाच.

या रचनेत मला मनापासून विश्वास आहे, म्हणूनच तिची किंमतही सांगतो. एक माणूस एक मत म्हणजे तुमचं उत्तम डोकंसुद्धा एका मताचंच. बैठका लांबतात, मन वळवत बसावं लागतं. ज्याला झटपट निर्णय आणि स्वतःची संपत्ती हवीय त्याने पुढारीपणासाठी यात उतरू नये. तो दोन वर्षांत चिडतो आणि गट मोडतो.

वडिलांच्या दुकानात परतणाऱ्या मुलामुलींसाठी एकच सूचना : पहिल्या महिन्यापासून पगार ठरवा आणि तो बँकेतून घ्या. दोन-तीन वर्षांत मालकीत नाव कागदावर कधी आणि किती येणार, हे वडील धडधाकट असतानाच विचारा. भावंडांसमोर विचारा.

पायरी ४ : दुसऱ्याच्या धंद्यात तीस दिवस काढा

निवडलेल्या प्रकारच्या मालकाकडे महिनाभर काम करा, पगार न घेता करावं लागलं तरी. गिऱ्हाईकाशी बोलणं, माल उतरवणं, वसुलीला जाणं, रात्री गल्ला जुळवणं, सगळं. आपल्या गावात लोक नको म्हणाले तर शेजारच्या तालुक्यात विचारा, तिथे तुम्ही प्रतिस्पर्धी नसता. मग मंगळवारचं पान काढून शेजारी ठेवा. वसुलीचा फोन करताना हात थरथरत असेल, तर उधारीचा धंदा तुमचा नाही, रोखीचा बघा.

पायरी ५ : बुडीत रक्कम ठरवा

धंद्यात किती गेले तरी घर चालेल, तो आकडा लिहा. घरखर्चाचे बारा महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात नाही. मुलांच्या शिक्षणाची रक्कम आणि बायकोचे दागिने या आकड्यात धरू नका. दुकान लावायला जेवढे लागतात, साधारण तेवढेच खेळतं भांडवल म्हणून हाताशी ठेवा. बंद पडलेली बरीच दुकानं मी पाहिलीत, त्यांत फर्निचर नवंकोरं होतं आणि माल भरायला पैसे नव्हते.

पायरी ६ : आता कागद

पॅन, चालू खातं, उद्यम, गुमास्ता, लागत असेल तर जीएसटी, खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवाना. भागीदारी असेल तर स्टॅम्पवर करार आणि नोंदणी. एक चांगला हिशोबनीस तुम्हाला हे दोन-तीन आठवड्यांत करून देईल. पहिल्या दिवसापासून धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा, एकल मालकी असली तरी.

पायरी ७ : दर पाडव्याला ते पान पुन्हा वाचा

प्रेरणा बदलते. तिशीत मोकळीक मागणारा चाळिशीत स्थैर्य मागतो, पोरं हाताशी आली की वारशाचं बोलतो. दिवाळी पाडव्याला वहीपूजन करतो तेव्हा मंगळवारचं पान काढा आणि खाली त्या वर्षीचा खरा मंगळवार लिहा. सलग दोन वर्षं दोन्हींत अंतर दिसलं तर प्रकार बदलण्याचा विचार करा. एकल मालकीतून भागीदारीत जाणं तुलनेने सोपं आहे. भागीदारीतून एलएलपी किंवा कंपनी करायला कायद्यात वाट आहे. कंपनीतून माघार घेणं सगळ्यात वेळखाऊ. बदल आर्थिक वर्षाच्या आरंभी, १ एप्रिलपासून करा, म्हणजे दोन विवरणपत्रांची भानगड टळते, आणि त्याआधी जुन्या नावावरची सगळी येणी-देणी एका यादीत काढून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या.